सेल्माच्या दारावरची निळी फीत

"ऊठ रे आजोबा, त्या कोपऱ्यातल्या खणात हो. इथलं ऊन पोरीला हवंय."

आमच्या मोतद्दाराचा, गोटलीबचा, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी एक जुना तांबडा घोडा. नाव फाल्के. आधी दुधाची गाडी ओढली, मग फ्रँकफुर्टजवळच्या एका औषधशाळेच्या तबेल्यात आलो. तेव्हा घटसर्पाने लेकरांचे गळे दाटत, पाळणे रिकामे होत. त्या रोगाचं विष आम्हाला थेंबाथेंबाने टोचत, हळूहळू वाढवत. अंगात ताप भरे, मग रक्तच विषाशी झुंजायला शिके. त्या रक्तातलं पिवळसर पाणी म्हणजे मुलांचं औषध. त्याची ताकद मोजायची रीत एका थोर डॉक्टरांनी बसवून दिली होती. आमच्याकडे बरणीवर घोड्याचं नाव लिहीत नसत, खणाचा आकडा लिहीत.

ती 'पोरगी' म्हणजे सेल्मा, पांढरी तरणी घोडी. खुरात खिळा गेला म्हणून लंगडत होती. तिला माझा उन्हाचा खण मिळाला, मला तिचा अंधारा कोपरा. त्याच दुपारी आम्हा दोघांचं रक्त काढलं.

काही दिवसांनी औषधाची ताकद मोजणारे आडलरसाहेब निळी फीत घेऊन आले. "सेल्माचं औषध सगळ्यांत जोरदार निघालं, गोटलीब. बांधा तिच्या दाराला."

गोटलीबने माझ्याकडे पाहिलं. मग फीत बांधली.

ऊन तिचं, गाजर तिचं, फीतही तिचीच.  मी तिची बादली लवंडली, शेपटीचे केस ओढले. बऱ्या झालेल्या मुलाची आई आभार मानायला येऊन कधी माझ्याकडे वळली, तर गोटलीब म्हणे, "बाई, तो नव्हे. ही." रक्त काढायलाही वरचेवर तिलाच नेत, मला मागे ठेवत. मला तोही मानच वाटे. ती वाळत गेली, तरी मला फक्त फीत दिसे.

गेल्या हिवाळ्यात सेल्मा गेली. आता मी कुरणात असतो. मित्रांनो, दंडाला सुई टोचली तर रडा खुशाल, पण राबून थकलेल्या जनावराला म्हातारपणी उन्हाचा एक तुकडा द्या.

काल गोटलीब कुंपणाशी आला. मागून त्याची बायको कातरीना हसत होती, "काय हो, घोड्याला सफरचंद? मला कधी आणलंत?"

"तू खिंकाळून मागत नाहीस ना, म्हणून," तो म्हणाला. ती पुढे गेल्यावर त्याने खिशातून विटलेली फीत काढली, माझ्या आयाळीत बांधली आणि कपाळाला कपाळ टेकलं.

"फाल्के, ही तुझी होती रे. खण बदलले त्या दिवशी, वहीत नावांपुढचे आकडे नाही बदलले; तुझी बरणी तिच्या नावावर गेली. मला तेव्हाच कळलं होतं. पण सांगितलं असतं, तर तुलाच पुन्हापुन्हा सुईखाली उभं केलं असतं, आणि तुझ्यात तेवढं रक्त उरलं नव्हतं. पोरगी तरणी होती, तिचंही औषध चांगलं निघत होतं... वाटलं, तिला झेपेल."