सूडाचा शास्त्रपाठ

हेमंताची पहाट. धुक्याच्या धवल दुलईखाली प्रवरेचं पात्र निजलेलं, ज्वारीच्या दवभिजल्या ताटांवर मोत्यांची दाटी, आणि पूर्वेच्या भाळी केशराची एक क्षीण रेघ.

अशा मंगल वेळी दीनाबाई गायकवाड बायबल उघडून तबिथाबाईंना बुडवत होत्या.

झालं होतं असं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी दीनाबाईंना शास्त्रपाठाला उभं केलं. त्यांच्या सोनेरी कडांच्या, कोऱ्याकरकरीत ग्रंथाची कधीच न उघडलेली पानं एकमेकींना घट्ट बिलगलेली. सोडवताना चर्र आवाज झाला. त्या नीरव, धीरगंभीर शांततेत मागच्या बाकावरून तबिथाबाई म्हणाल्या, "बायबल आहे का पापडाचं पाकीट गं?"

अख्खी मंडळी हसली. पाळकसाहेबही, आधी प्रभूची क्षमा मागून, हसले.

तेव्हापासून रोज पहाटे एक अध्याय, आणि त्यातल्या प्रत्येक शिक्षेला मनातल्या मनात तबिथाबाई. भक्ती नव्हे, शुद्ध, सात्त्विक, नित्यनेमाचा सूड.

पहिल्याच आठवड्यात तबिथाबाई जलप्रलयात गेल्या. तिसऱ्या आठवड्यात मिठाचा खांब झाल्या; दीनाबाईंनी तो मनोमन आमटीत विरघळवला. मिसर देशावर गळवं आली, ती सगळी तबिथाबाईंना. पुढे शिरगणती लागली. पानोपानी माणसं नुसती मोजली जातात, शिक्षा कुणालाच नाही! दीनाबाई चिडल्या, पण वाचत राहिल्या. द्वेष वाढला, चष्म्याचा नंबर वाढला. सूडावाचून चहा गोड लागेना.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. निर्झरासारखं वाचलं, वज्रासारखं वाचलं. प्रत्येक शापाला मागच्या बाकाकडे पाहून.

उपासना सुटल्यावर तबिथाबाई बाक चाचपडत जवळ आल्या. "दीना, कुणाला सांगू नकोस. मोतीबिंदू झालाय. वर्षभर नुसतं पुस्तक धरून बसते मी. तू काय सुरेख वाचतेस गं! रोज वाचून दाखवशील?"

गावभर वाटावं असं गुपित, आणि ते असं आयतं ओंजळीत. दीनाबाईंनी ओठ आवळले. वाटून टाकलं तर संपेल. त्यापेक्षा रोज पुरवून वापरावं.

"दाखवते की. पण प्रकटीकरण. थेट शेवटचा कोप."

"चालेल बाई. चहा माझ्याकडे."

चैत्राच्या पहाटे, तबिथाबाईंच्या ओसरीवर, दीनाबाईंनी कोपाचे चारही घोडेस्वार सोडले, आग ओतली, गारा ओतल्या, सातही कर्णे फुंकले. तबिथाबाईंनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"मग? पुढं?"

दीनाबाईंनी दात खाल्ले, आवाज चढवला, पान उलटलं.

आणि बाभळींच्या माथ्यावरून, रक्तवर्ण, अग्निमुख, रिकिबीत पाय रोवून, सूर्य दौडत आला.