जाईबाईचा जबाब

कोपरच्या त्या चाळीत 'फिट' हा शब्द कुणी उच्चारत नसे. योगिनीला चक्कर यायची. बस्स, चक्कर! बाराव्या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या ओळीत ती पहिल्यांदा कोसळली. डोळे पांढरे, तोंडाला फेस, हातपाय ताठ. तिला घरी आणल्यावर तिची आई शेवंती दाराशी जमलेल्या बायकांना म्हणाली, "उपाशीपोटी गेलेली ना, चक्कर आली." बायकांनीही माना डोलावल्या. पोरीची जात, उद्या लग्न करायचंय, कशाला बोभाटा? डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, रोज रात्री एक, कधीही चुकवायची नाही. ती गोळी कॅल्शियमच्या बाटलीत जाऊन बसली आणि पुढे दहा वर्षं त्याच बाटलीत राहिली.

शेवंती चार घरचा स्वयंपाक करायची, बाप मारुती एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. मग दुपारी पोरगी पडली की धावायचं कुणी? शेजारच्या खोलीतल्या जाईबाईने. जाईबाईला शिकवावं लागलं नाही. तिची स्वतःची मुलगी मालन नऊ वर्षांची असताना गावच्या विहिरीवर फिट येऊन आत पडली होती. तेव्हा जवळ कुणी नव्हतं. त्यामुळे योगिनी पडली की जाईबाई हातातलं टाकून यायची, तिला कुशीवर वळवायची, डोक्याखाली आपली मांडी द्यायची आणि म्हणत राहायची, "झालं हां बाय, झालं आता." योगिनी शुद्धीवर यायची तेव्हा पहिलं दिसायचं ते जाईबाईचं तोंड. सख्ख्या आजीने केलं नसतं एवढं त्या बाईने केलं, हे योगिनीला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर पुढचं सगळं सांगताना जीभ जड होते.

गोळीने गुण आला. अठराव्या वर्षानंतर फिट नाही. आणि एकोणिसाव्या वर्षी पोरीने नवीन खूळ डोक्यात घेतलं, पोलिसात जायचं. तेही कुठून, तर स्वतःला अटक झाली तिथून! आता बोला. त्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. चाळीतल्या बायकांनी पाण्याच्या ऑफिसवर हंडा मोर्चा काढला. जाईबाईचे गुडघे दुखायचे, म्हणून तिचा हंडा योगिनीने घेतला आणि तिच्यासोबत गेली. तिथे कुणाचा तरी हंडा खिडकीवर बसला, काच फुटली आणि पुढे दिसतील त्या बारा जणींना पोलिसांनी गाडीत घातलं. योगिनीला ज्या बाईने दंडाला धरून चढवलं, तिच्याशी सगळे 'मॅडम' म्हणून बोलत होते. साहेबसुद्धा. योगिनी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तिच्या घरात जन्मभर कुणाला कुणी असं बोललं नव्हतं.

दोन वर्षं तारखा पडल्या. मग लोकअदालतीत वकील म्हणाला, "गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड आहे, भरा आणि मोकळ्या व्हा." बारा जणींनी एका सुरात कबूल केलं आणि येताना वडापाव खाल्ला. कबूल केलं म्हणजे कागदावर आपण शिक्षा झालेल्या ठरलो, हे एकीलाही कुणी सांगितलं नाही. त्यात मैत्रिणीच्या स्कूटरवर ट्रिपल सीट, तेही लायसन नसताना, तो एक खटला वेगळाच. असं हे गुन्हेगारी जीवन!

पण पोरगी हट्टाला पेटलेली. कल्याणच्या एका अकादमीत तिने नाव घातलं. आनंद सर म्हणून तिथे एक माणूस होता, तोंडाचा फटकळ, पोरींना पहाटे धावायला लावायचा, थांबलीस तर घरी जा म्हणायचा. योगिनी थांबली नाही. ठाण्याच्या भरतीत आठशे मीटर धावली, गोळा फेकला, लेखी दिली आणि यादीत तिचं नाव लागलं. शेवंतीने मोबाईलवर ती यादी चाळीतल्या प्रत्येक घरात नेऊन दाखवली.

यादीत नाव आलं म्हणजे नोकरी मिळाली असं नसतं. आधी एक लांबलचक फॉर्म भरायचा असतो. कधी अटक झाली होती का? खटला? शिक्षा? मारुतीला घाम फुटला. "अगं, नाही लिही. तीन वर्षं झाली, कोण बघतंय?"

आनंद सरांनी फोनवरच खडसावलं. "लपवलंस तर मेलीस. सगळं लिही, ट्रिपल सीटपण लिही. किरकोळ गुन्ह्याला माफी असते. खोटेपणाला नसते, कळलं?"

योगिनीने सगळं लिहिलं. तारखांसकट. लिहून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती बापावर हसली. आणि त्याच फॉर्ममध्ये पुढे विचारलं होतं, कोणता आजार, कसले झटके. तिथे तिने 'नाही' लिहिलं. हात अडला नाही, काही नाही. चक्कर हा काय आजार असतो? असं तिने स्वतःला सांगितलं. मेडिकललाही डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "फिट, दमा, शुगर?" ती म्हणाली, "नाही." त्यांनी पुढच्या मुलीला बोलावलं. त्या रात्री मात्र ती गोळी हातावर घेऊन बसून राहिली. नाही घेतली तर पडेन, घेतली तर खोटी ठरेन. तिने घेतली.

आता राहिली चारित्र्य पडताळणी. पोलीस ठाण्यातून माणूस येतो, आजूबाजूला विचारतो, मुलगी कशी आहे, वागणं कसं आहे. मारुतीने चार दिवस आधी ड्युटी बदलून घेतली आणि दारोदार फिरला. मोर्च्याचं विचारलं तर हे सांगा, काच कुणी फोडली विचारलं तर योगिनी मागे होती म्हणा. पोरांनासुद्धा पढवलं! पण चकरेबद्दल बोलू नका, असं तो एकालाही म्हणाला नाही. कसा म्हणणार? बोलू नका म्हणायला आधी आपण बोलावं लागतं, आणि त्या घराने दहा वर्षांत तो शब्द तोंडातून काढला नव्हता. त्याला वाटलं, लोकांना कळतंच की.

मोकल नावाचे हवालदार आले. पन्नाशीचे, शांत माणूस, चहा नको म्हणाले, पाणी घेतलं. खुर्ची गॅलरीत टाकून दोघातिघांना विचारलं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मग ते म्हणाले, "मोर्च्यात हिच्याबरोबर कोण होतं?"

जाईबाई पुढे झाली. लुगडं नीट केलं. तिला त्या दिवशी कोण आनंद झाला होता! आपल्या पोरीसाठी बोलायचं, तेही सरकारी माणसासमोर.

"मी होते साहेब. माझाच हंडा होता तिच्या डोक्यावर. काच फुटली तेव्हा ती मला धरून उभी होती, देवाशपथ." हवालदार लिहून घेत होते. लिहितायत बघून जाईबाईला आणखी जोर आला. "लाखात एक पोर आहे साहेब. तुम्हाला काय सांगू, लहानपणी एवढ्या फिट यायच्या तिला, मेल्यासारखी पडायची माझ्या मांडीवर. अजून गोळी चालू आहे. तरी पहाटे उठून धावते! दुसरी असती तर अंथरूण धरलं असतं."

शेवंतीने पदर तोंडात कोंबला. हवालदारांचं पेन थांबलं.

"फिट?" त्यांनी योगिनीकडे पाहिलं. "मेडिकलला सांगितलं होतंस?"

मारुती काहीतरी पुटपुटला, चक्कर, उपास, ऊन. हवालदारांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "मी मुलीला विचारतोय."

योगिनीच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. तीन वर्षांच्या पहाटा, ती यादी, मॅडम. हातातोंडाशी आलेला घास. आणि समोर जाईबाई, अजून हसतमुख, काय बिघडलं ते न कळलेली.

"नाही साहेब," योगिनी म्हणाली. "मला नाही यायच्या. जाईआजींची मुलगी होती, मालन. तिला यायच्या. ती वारली. तेव्हापासून आजींचं… त्यांची गल्लत होते. मलाच मालन समजतात. हल्ली त्यांना काही धड आठवत नाही."

एवढं बोलली आणि तिला स्वतःची किळस आली. शब्द परत घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत.

जाईबाई तिच्याकडे बघत राहिली. हसू हळूहळू उतरलं. मग तिने हवालदारांकडे तोंड वळवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "हो साहेब. मालनलाच यायच्या. माझ्या डोक्यात राहत नाही आता."

"मग हंड्याचं?"

"तेही… नक्की नाही सांगता येत."

आवाज ऐकून जाईबाईची सून रसिका बाहेर आली होती. हवालदारांनी तिला विचारलं, सासूबाईंचं खरंच असं होतं का? रसिकाने खांदे उडवले. "परवाच दूध उतू घालवलं. वय झालंय ना." मोकलांनी कागद पुन्हा वाचला. मग जाईबाईचं आधीचं बोलणं खोडलं, वयोमानाने विस्मरण, जबाब ग्राह्य धरू नये, असं लिहिलं आणि खाली रसिकाची आणि मारुतीची सही घेतली. जाताना ते योगिनीला एवढंच म्हणाले, "मोर्च्याचं तू स्वतः लिहिलंयस, ते बरं केलंस."

झालं! मोर्चा माफ झाला, ट्रिपल सीट माफ झालं. नेमणुकीचं पत्र आलं. शेवंतीने पेढे वाटले. जाईबाईकडे योगिनी स्वतः गेली, पाया पडली, रडली. "आजी, मी…" जाईबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप. तुझं भलं झालं ना, मग झालं. गोळी विसरू नको तिकडे." तिने पेढ्याचा तुकडा मोडून खाल्ला. योगिनीला वाटलं, मिटलं. वेडी पोर, असं कधी मिटतं का?

ट्रेनिंगचे नऊ महिने गेले. पासिंग आउट परेड झाली. ठाण्यात पोस्टिंग मिळालं आणि ड्युटीवर हजर होण्याआधी ती दोन दिवस घरी आली. आईच्या हट्टाखातर वर्दी घालूनच चाळीत शिरली. पोरं मागे धावली, बायका बाहेर आल्या. जाईबाई दिसली नाही. तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. रसिका आणि तिचा नवरा कामावर गेले असतील, म्हातारी गावी असेल, असं धरून योगिनी पुढे निघाली, तर खिडकीच्या गजांतून हाक आली.

"बाय!"

जाईबाई आत होती. निम्मी झाली होती बिचारी.

"आजी, कुलूप?"

"सून लावून जाते. मी गॅस चालू ठेवीन, कुठे निघून जाईन, म्हणते. नातवाला शाळेत सोडायचे मी, तेही बंद केलं. नळावर गेले तर बायका हसतात, मी काही सांगायला गेले की म्हणतात, हो हो जाईबाई." ती गजांना धरून उभी होती. "मितेशला म्हटलं, अरे मला सगळं आठवतं. तर तो म्हणाला, पोलिसांच्या कागदावर लिहिलंय आई. डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरला त्यांनी आधीच सांगितलं. झोपेच्या गोळ्या देतात गं. दिवसभर डोकं जड. मला आता माझीच भीती वाटते."

मितेश, जाईबाईचा एकुलता एक मुलगा. आईच्या शब्दाबाहेर नसायचा.

"तू सांग ना रसिकाला," जाईबाई म्हणाली. "तुझं ऐकेल. तू आता मॅडम आहेस. फार नको, एवढंच सांग की म्हातारी शहाणी आहे."

"सांगते आजी," योगिनी म्हणाली. "आज सांगतेच."

आणि तिला सांगायचंच होतं, खोटं नाही. संध्याकाळपर्यंत ती वर्दीतच बसून राहिली. रसिका आली, पिशव्या खाली ठेवून किल्ली काढली, तशी योगिनी गॅलरीत गेली. जाईबाई खिडकीशीच होती.

"वहिनी, आजींना असं कोंडू नका. त्या एवढ्या काही…"

"एवढ्या काही काय?" रसिका वळली. ती वाईट बाई नव्हती, दमलेली होती. "अगं, तूच तर सांगितलंस त्या हवालदाराला. माझी सही घेतली त्याने. मला तरी काय माहीत होतं तोवर? मी समजायचे वयामुळे होतं. तुझ्या बोलण्यानंतर लक्ष ठेवायला लागले." आजूबाजूची दोन दारं उघडली. रसिकाने सरळ विचारलं, "का गं, ते खरं नव्हतं? मग काय खरं होतं?"

मारुती दारात आला होता. शेवंती त्याच्या मागे. दोघेही योगिनीकडे बघत होते. खरं नव्हतं म्हटलं की फिट कुणाला यायच्या, हे सांगावं लागणार होतं. वर्दीत उभं राहून, चारचौघांत. आणि फॉर्मवर सही होती, मेडिकलच्या कागदावर सही होती, ड्युटीला एक दिवसही झाला नव्हता.

जाईबाईने गजांतून तिच्याकडे पाहिलं. मदतीला काही बोलली नाही या वेळी.

"खरं होतं वहिनी," योगिनी म्हणाली. "सांभाळून घ्या त्यांना."

रसिकाने मान हलवली आणि कुलूप उघडून आत गेली. जाईबाईने आतून खिडकी लावून घेतली.