घाई नावाचं अस्तर

मी घाई बोलतोय. नावावर जाऊ नका. माझी जात शेवाळ्या. शेवाळ चढलेला एक दगड डोळ्यांसमोर आणा, त्याला चार आखूड पाय लावा आणि एक जांभई द्या, झालो मी. मी एका व्हिडिओ गेममध्ये राहतो. तिथे आमच्यासारखे चारशे प्रकारचे मॉन्स्टर आहेत. माणसं आम्हाला पकडतात, वाढवतात, सहा जणांची टीम बांधतात आणि दुसऱ्याच्या टीमशी लढवतात. वेगाच्या यादीत माझा नंबर तीनशे अठ्ठ्याण्णवावा आहे. माझ्यामागे दोघं आहेत, त्यातलं एक झाड आहे.

माझा जन्म अंड्यातून झाला. मालकिणीला ते अंडं कामावरच्या मैत्रिणीने दिलं होतं, आणि त्यातून वीजकोल्हा निघेल अशी तिची समजूत होती. अंडं उबवायचं तर ते घेऊन गेममध्ये सायकल चालवावी लागते. तिने एकाच पुलावरून चाळीस मिनिटं येरझाऱ्या घातल्या. शेवटी मी बाहेर आलो आणि जांभई दिली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "भलत्याच घाईत आलाय," ती म्हणाली, आणि नावाच्या चौकटीत तेच लिहिलं.

मालकीण रुग्णवाहिकेच्या फोनवर बसते. कुणाचे वडील जिन्यात पडले, कुणाला कळा सुरू झाल्या, की फोन तिच्याकडे येतो. घाबरलेला माणूस पत्ता सोडून बाकी सगळं सांगतो. "घाई नको, आधी पत्ता सांगा," हे ती दिवसातून शंभरदा म्हणते. कामावर एवढी शांत असणारी ही बाई गेममध्ये मात्र वेगासाठी वेडी. तिच्या टीममध्ये सहाही जण धावणारे आणि चावणारे. पहिला घाव आपला पडला पाहिजे, एवढंच तिचं शास्त्र. दर स्पर्धेत ती पहिला घाव घालायची आणि पहिल्याच फेरीत घरी यायची.

मला तिने एकदाच लढाईत उतरवलं. माझी पाळी येईपर्यंत समोरच्याचे दोन घाव झाले होते आणि तिचा चहा संपला होता. दुसऱ्या दिवशी माझी रवानगी बॉक्समध्ये झाली.

बॉक्स म्हणजे आमची वखार. एकात तीस जण मावतात. मी पाचव्या ओळीत होतो, शेजारी एक पाणकोंबडा, पलीकडे तीन एकसारखी वटवाघळं. तिथे काही वाईट नसतं. भूक लागत नाही, वय वाढत नाही. फक्त कोणी हाक मारत नाही. माणसांची ही एक खोडच आहे. ती वस्तू टाकत नाहीत आणि वापरतही नाहीत, ठेवून देतात. मी अशी दोन वर्षं काढली. आमच्या डोक्यावर एक बटण असतं, त्यावर लिहिलेलं असतं, 'मोकळं करा'. ते दाबलं की गेम विचारतो, 'नक्की?' हो म्हटलं की तो मॉन्स्टर जातो. कुठे जातो, ते सांगायला अजून कोणी परत आलेलं नाही.

पुढे सगळेच बॉक्स भरले. नवीन कोणी पकडायचा तर जुन्या कोणाला तरी जायला हवं. एका दुपारी मालकीण आम्हाला उघडून बसली होती आणि फोनवर त्याच अंडेवाल्या मैत्रिणीशी बोलत होती.

"अगं, जागाच उरली नाही," ती म्हणाली. "किती दिवस सांभाळायचे? नुसते बसून असतात. काही उपयोग नाही त्यांचा. काढायला जीव होत नाही, पण काढायला तर हवेतच."

हे ती आमच्याबद्दल बोलत होती. बाहेरच्या खोलीत तिचे सासरे पडद्याला टीप घालत बसले होते. मशीन मध्येच थांबलं, ते मी ऐकलं.

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. हात थोडे थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद करून ते मुलाकडे राहायला आले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर वर-खाली असतो. घरात सून आणि सासरे, आणि दोघंही कामापुरतं बोलणारे. अशा घरात आपल्या भाषेने मास्तरांचा घात केला. आम्ही तीस जण होतो म्हणून मालकीण 'बसून असतात' म्हणाली. मास्तर एकटेच होते, पण सून त्यांच्याबद्दल बोलली असती तरी 'बसून असतात' असंच म्हणाली असती. सासऱ्याला कोणी 'बसून असतो' म्हणत नाही. आदर दाखवायची ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात माणसं मोजता येत नाहीत.

त्यांनी त्याच संध्याकाळी लेकीला फोन लावला. "मी तुझ्याकडे राहायला येतो," म्हणाले. लेक दुसऱ्या गावात असते. तिला आनंदच झाला. मुलांच्या परीक्षा संपल्या की तीन महिन्यांनी न्यायला येते म्हणाली. मालकिणीला कळलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. तिला वाटलं, लेकीची ओढ आहे, आपण कशाला मध्ये पडा. मास्तरांना वाटलं, बरं म्हणाली, म्हणजे सुटली. मला खरं काय ते माहीत होतं. पण मला चारच चाली येतात आणि त्यांत बोलणं नाही.

जाईपर्यंत आपला काहीतरी उपयोग व्हावा, असं मास्तरांनी मनाशी धरलं असावं. ते बसेनासे झाले. त्यांनी सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवले, मग मुलाच्या शर्टांची बटणं गरज नसताना काढून पुन्हा लावली. शिवायला काही उरलं नाही तेव्हा एक दिवस चार वाजता, मालकीण सकाळची पाळी संपवून खेळत बसली असताना, ते तिच्या मागे येऊन उभे राहिले. ती हरत होती.

"हे सहाही तुझेच?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"सगळं वरचंच कापड दिसतंय. अस्तर कुठाय?"

"अस्तर कशाला?"

"कोट खांद्यावर बसतो तो अस्तरावर. वरचं कापड मिरवतं नुसतं. घाम अस्तर पितं, ताण अस्तर घेतं. ह्यांच्यात मार खाणारा कोण आहे? दुखलं-खुपलं बघणारा कोण?"

तिचा सहावाही पडला. मग तिने दोन वर्षांनी पाचवी ओळ उघडली आणि मला बाहेर काढलं. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. चेहऱ्यावर दिसलं नसेल, मी दगड आहे.

माझ्या चार चाली अशा. एक, शेजाऱ्याचा मार स्वतःच्या अंगावर घेणे. दोन, शेजाऱ्याला मलम लावणे. तीन, जांभई, ती बघून समोरच्याला झोप येते. आणि चौथी, उलटी रांग. ती टाकली की चार पाळ्या सगळं उलटं होतं, सर्वांत हळू असणारा पहिला आणि वेगवान शेवटी. मालकिणीने ही चाल कधी वाचलीच नव्हती. तिला माझा वेग बघूनच पुढचं वाचायचा धीर झाला नव्हता.

मास्तरांनी टीम मापं घेतल्यासारखी बांधली. मालकिणीकडून एकेकाची माहिती विचारून घेतली आणि कापडाच्या पिशवीवर खडूने लिहिली. सहापैकी पाच धावणारे काढले. आगीचा आग्या ठेवला, कारण एक तरी चटकन धावणारा असावा. घण नावाचा एक अवजड गडी आणला; तो हळू चालतो, पण त्याचा घाव बसला की समोर काही उरत नाही. पाण्याचे दोन, कारण आगीला पाणी लागतं. विषाला न जुमानणारा एक. आणि अस्तर म्हणून मी. "कोणी कोणाच्या उणिवेवर उभं राहायचं ते ठरलं पाहिजे," ते म्हणाले. शेजारणीने एकदा दारातून "विष कोणाला द्यायचं ते उद्या ठरवू, बाबा" एवढंच ऐकलं आणि चार दिवस ती आमच्याकडे साखर मागायला आली नाही.

स्पर्धा जोडीची होती. एका जोडीत दोन माणसं, प्रत्येकाकडे तीन मॉन्स्टर, मैदानात एका वेळी दोघांचा एकेक. मालकिणीने नवऱ्याचं गेम खेळायचं जुनं यंत्र मास्तरांच्या हातात दिलं. "घाई तुमच्याकडे ठेवा, बाबा. तुम्हाला जमतो तो." रविवारी स्पर्धा, सोमवारी लेक न्यायला येणार. मास्तरांची बॅग शनिवारीच भरून झाली होती. मालकीण त्या बॅगेला वळसा घालून चालायची.

स्पर्धा एका मोठ्या सभागृहात होती. टेबलं, वायरी, दीडशे माणसं, आणि घाव घालताना यंत्रासकट वाकायची सगळ्यांची सवय, जणू वाकल्याने जोर वाढतो. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही जिंकलो. मी उलटी रांग टाकायचो, घण पुढे व्हायचा, समोरच्यांचे वीजकोल्हे आपली पाळी कधी येते याची वाट बघत पडायचे. मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते खूश झाले की तसं होतं.

तिसऱ्या फेरीत समोर एक दातांची डॉक्टर आणि तिची मदतनीस. दोघी एकमेकींकडे न बघता खेळायच्या. शेवटी त्यांचे दोन उरले आणि आमचे तीन: मैदानात घण आणि मी, आणि मास्तरांच्या हाताशी जखमी आग्या. उलटी रांग नुकतीच लागली होती. आता फक्त मी घणावरचा मार अंगावर घ्यायचा आणि घणाने दोन घाव घालायचे. विजय समोर होता.

चाल निवडायला पंचेचाळीस सेकंद असतात. मास्तरांचा अंगठा थरथरला, चुकीच्या बटणावर गेला, मागे आला. मालकिणीने ते पाहिलं.

"घाई नको, बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली, मला मैदानातून काढलं आणि आग्याला पाठवलं.

उलट्या रांगेत आग्यासारखा वेगवान म्हणजे शेवटचा. त्याची पाळी यायच्या आत तो पडला. समोरचा एक घणाहूनही हळू, म्हणून त्याचा घाव आधी आला, आणि घणावरचा मार घ्यायला कोणी नव्हतं. मी परत आलो तेव्हा घण गेलेला होता, आणि जांभई देऊन सामना जिंकता येत नाही. दातांच्या डॉक्टरने उठून नमस्कार केला.

बाहेर जिन्यापाशी दोघं बाकावर बसली. मास्तरांचं यंत्र बंद करायचं राहिलं होतं, म्हणून मला पुढचं ऐकू आलं.

"का काढलंत त्याला?" मालकिणीने विचारलं. रागाने नाही.

"तूच म्हणालीस. घाई नको."

"अहो बाबा, ते तुम्हाला म्हटलं. सावकाश करा, वेळ आहे, म्हणून. दिवसभर तेच तोंडात असतं माझ्या."

"मला वाटलं, त्याला म्हणतेस." मग ते हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाले, "मग त्या दिवशी कोणाला म्हणत होतीस? फोनवर. नुसते बसून असतात, काही उपयोग नाही त्यांचा."

तिला आठवेना. मग आठवलं. तिने आपलं यंत्र उघडलं, बॉक्स काढला आणि त्यांच्यापुढे धरला. पाणकोंबडा, वटवाघळं, सगळे ओळीने बसलेले.

"ह्यांना," ती म्हणाली.

मास्तरांनी एकेकाला नीट पाहिलं. "हे सगळे?"

"हे सगळे. तुम्हाला काय वाटलं?" आणि मग तिला कळलं, त्यांना काय वाटलं होतं ते. आता मात्र ती चिडली. "तीन महिने हे पोटात ठेवलंत? एकदा विचारायचं होतंत मला."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मला ते खरं वाटलं नसतं."

"मला वाटलं, ताईंकडे जायचं तुमच्याच मनात आहे. मी कोण अडवणारी? मला तुम्ही घरात हवे आहात, बाबा. चार वाजता मी घरी येते ती तुम्ही असता म्हणून येते. नाहीतर जास्तीची पाळी घेतली असती."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि तिला दिला. त्याची शिवण त्यांनी स्वतः घातलेली होती. मग तिने नाक पुसेपर्यंत ते दुसरीकडे बघत बसले.

सोमवारी लेक आली. तिने रजा काढलेली, खोली रंगवलेली, त्यामुळे तिचंही मन मोडता येईना. शेवटी आठ दिवसांचं ठरलं. मालकिणीने मोठी बॅग उघडून हिवाळ्याचे कपडे काढून घेतले आणि परत कपाटात लावले. लेक थोडी फुगली, पण जेवली.

तेव्हा सध्या मी मास्तरांबरोबर लेकीच्या घरी आहे. रोज चार वाजता ते मालकिणीशी जोडून घेतात आणि दोघं खेळतात. माझा वेग आहे तेवढाच आहे. बॉक्समधल्या कोणालाही तिने मोकळं केलं नाही, त्यामुळे तिला नवीन कोणी पकडता येत नाही. तिची तक्रार नाही. जाता जाता माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरात कोणाबद्दल बोललात तर त्याचं नाव घेऊन बोला. आणि ऐकणारे तुम्ही असलात तर मशीन थांबवून बसू नका, उठून विचारा. मला विचारता आलं नाही, तुम्हाला येतं.

आज सातवा दिवस. मास्तरांनी सकाळीच बॅग भरली, पट्टे आवळले आणि ती दारात नेऊन ठेवली. लेक म्हणाली, "बाबा, गाडी उद्याची आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि चपला घालून बॅगेशेजारी बसले.