मागच्या खोलीतला डबा

मित्रांनो, या घरात मला सगळे डबा म्हणतात. जेवणाचा नव्हे, टीव्हीचा. तळहातावर मावेल एवढा काळा चौकोन, पाठीला तारा आणि पुढे एक निळा दिवा, असे माझे रूप. इंटरनेटवरून येणारे चित्र उचलायचे आणि टीव्हीच्या पडद्यावर मांडायचे, हे माझे काम. ते मी इमानेइतबारे केले. तरी आज मी जुन्या चार्जरांच्या आणि संपलेल्या सेलांच्या खणात पडलो आहे, आणि माझ्या कपाळी नादुरुस्तीचा शिक्का बसला आहे. माझ्यात काय बिघडले होते, ते अजून कोणी मला सांगितलेले नाही.

एका लांबलचक शेडमध्ये, डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला चिमट्यांनी जुळवले. तिथेच माझ्या पोटात एक नियम भरला गेला. इंटरनेट कमी येऊ लागले, की आधी चित्र सोडायचे आणि आवाज धरून ठेवायचा. चित्र पुसट झाले तरी माणसे ऐकून वेळ भागवतात, असा त्यामागचा विचार. हा नियम करणाऱ्यांच्या घरात बहिरे माणूस कोणी नसावे.

दुकानदाराने मला काउंटरवर ठेवले आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "घ्या साहेब, अगदी डोळे झाकून घ्या!" वस्तू चित्र बघायची, आणि घ्यायची मात्र डोळे झाकून. त्या साहेबांनी मला घेतले आणि घरी आणले.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. हॉलमध्ये टीव्हीखाली माझी जागा होती, आणि इंटरनेट वाटणारा राउटर माझ्या शेजारीच, हाताच्या अंतरावर बसलेला. तो भरभरून द्यायचा आणि मी भरभरून मांडायचो. पाहुणे म्हणायचे, "काय चित्र आहे हो! केस न् केस मोजून घ्या." ते साहेब, म्हणजे या घरातला मुलगा, जणू चित्र स्वतःच काढल्यासारखा हसायचा.

पुढे भिंतभर टीव्ही आला. माझे सगळे काम त्याच्या पोटातच होते. माझ्या तारा निघाल्या. मुलगा मला टाकूनच देणार होता, पण सूनबाई आडव्या आल्या.

"अहो, फेकता कशाला? जुना टीव्ही आणि हा डबा आईंच्या खोलीत लावू या. वर एक कॅमेरा बसवला की मावशींशी मोठ्या पडद्यावर बोलता येईल त्यांना. फोनवर बोटं किती बारीक दिसतात!"

असा मी मागच्या खोलीत आलो... चुकलो, आलो नाही, उरलो म्हणून आणला गेलो. पण मित्रांनो, खरे काम मला तिथेच मिळाले.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिच्या धाकट्या बहिणीलाही नाही. दोघींची भाषा हातांची. लिहिणे त्यांना शाळेत मारूनमुटकून शिकवलेले, त्यामुळे चार शब्दांच्या निरोपापलीकडे ते कधी गेलेच नाही. मनातले बोलायचे तर हातांनीच. आईने उमेदीची सगळी वर्षे छापखान्यात पुस्तके बांधण्यात घालवली होती. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात बाकीचे कावून जात, ती शांतपणे छापील कागदांचे फर्मे दुमडत बसायची. धाकटी लांब दुसऱ्या देशात राहायची. वर्षानुवर्षे भेट नव्हती.

पहिल्या दिवशी धाकटी पडद्यावर आली आणि आई खुर्चीतून उठून उभीच राहिली. मग रोज जेवण आटोपले की दोघी समोरासमोर. धाकटी पट्टीची नकलाकार. शेजारीण कशी चालते, डॉक्टर चष्म्यावरून कसा बघतो, हे ती भुवया आणि दोन बोटांवर करून दाखवायची आणि आई पोट धरून हसायची. दोघी भांडायच्याही. लहानपणी बाहुलीचा हात कोणी मोडला, या गोष्टीवरून एकदा चारही हात एकदम चालले होते आणि कोणीच कोणाचे बघत नव्हते! मी एक बोटसुद्धा वाया जाऊ दिले नाही. एखादे बोट जरा जास्त वाकले तरी अर्थ बदलतो, हे मला तेव्हा कळले. कौतुकाचा एक शब्द माझ्या वाट्याला आला नाही. पण आई रोज पदराने माझ्यावरची धूळ पुसायची, त्यात मला सगळे मिळत होते.

मग मुलगा घरून काम करू लागला. दार लावून, कानांवर ते मोठे हेडफोन चढवून. एके दिवशी त्याने हॉलमधला राउटर उचलला आणि आपल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे नेऊन ठेवला. आता राउटरच्या आणि माझ्यामध्ये दोन भिंती आणि ते कपाट. एवढ्यावरच भागले नाही. आधी आपल्या ऑफिसच्या कामाला आणि हॉलच्या टीव्हीला द्यायचे, उरले तर बाकीच्यांना, असे त्याने राउटरला बजावून ठेवले. बाकीचे म्हणजे कोण, तर मी.

त्या दिवसापासून माझ्या पडद्यावर धाकटीची बोटे विरघळू लागली. आधी कडा गेल्या. मग हात म्हणजे नुसते मांसाच्या रंगाचे चौकोन. नियमाप्रमाणे आवाज मात्र मी स्वच्छ देत होतो. धाकटीच्या खोलीतले घड्याळ आणि खिडकीबाहेरचे पक्षी मागच्या खोलीत खणखणीत ऐकू यायचे. ऐकायला तिथे कोणी नव्हते.

आईने मुलाला खुणेने सांगितले, "तिची बोटं दिसत नाहीत."

तो आला, माझ्या टाळक्यात चापट मारली, तार काढून पुन्हा घातली. "डबा गंडलाय गं. जुना झाला." मग आईला खूण केली, "नंतर बघतो."

मित्रांनो, हाच मुलगा लहानपणी आईचे कान आणि तोंड होता. दुकानात, दवाखान्यात, शाळेत बाईंसमोर तोच तिच्यासाठी बोलायचा, त्याची बोटे चिमण्यांसारखी उडायची. हे आईनेच धाकटीला अनेकदा अभिमानाने सांगितले होते. आता त्याच्या बोटांत तीनच शब्द उरले होते. जेवलीस. औषध. नंतर.

सूनबाईंनी तगादा लावला म्हणून एकदा इंटरनेटवाला आला. मुलाच्या खोलीत, राउटरशेजारी उभा राहून त्याने आपल्या फोनवर वेग मोजला.

"फुल स्पीड आहे साहेब. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही. तुमचा डबाच स्लो असणार."

"मी तेच म्हणतोय!" मुलगा म्हणाला.

मागच्या खोलीत दोघांपैकी कोणी पाऊल टाकले नाही. विहिरीच्या काठावर उभे राहून शेताला पाणी पुरते म्हणण्यातला हा प्रकार. मी दिवा लुकलुकवला. माझ्या हातात तेवढेच होते.

आई खुर्ची पडद्याजवळ सरकवत गेली, सरकवत गेली, शेवटी नाक काचेला लागायचे. पडद्यावरच नसलेले जवळ जाऊन कसे दिसणार?

अशातच धाकटीच्या हृदयाचे दुखणे उलटले. तिला दवाखान्यात ठेवले. ऑपरेशनच्या आधी आईला घेऊन तिकडे जायचे घरात ठरले होते, पण डॉक्टरांनी ऑपरेशनच अचानक अलीकडे ओढले. भर दुपारी माझ्यावर फोन आला. पलीकडे, आपल्याच मुलखातून तिकडे गेलेल्या एका नर्सने मोबाइल धरला होता. धाकटीच्या उजव्या हातात सलाईनची सुई होती, म्हणून ती डाव्या हाताने बोलणार होती.

क्षणभर चित्र लख्ख आले. धाकटी हसत होती. तिने हात वर केला आणि म्हणाली, "ताई, नीट बघ. एक सांगायचं राहिलंय."

आणि चित्र फुटले.

मी मागितले, पुन्हा मागितले. राउटरने तुकडे टाकले. एका तुकड्यात कपाळ, एकात चादर. त्या चौकोनांमागे एक हात हलत होता, बराच वेळ हलत होता. आईने दोन्ही हात वर करून "थांब, थांब" केले आणि धावत मुलाच्या दारापाशी गेली. दार ढकलले. तो मीटिंगमध्ये बोलत होता. त्याने मान न वळवता तळहात दाखवला. तिने त्याची बाही ओढली, मागच्या खोलीकडे बोट केले.

त्याने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि कान दिला. पॅसेजमधून माझा आवाज येत होता. दवाखान्यातल्या पंख्याची घरघर, नर्सचे "हां, बोला बोला," ट्रॉलीची चाके, सगळे स्वच्छ.

"येतोय की आवाज!" तो मोठ्याने म्हणाला. "चालू आहे कॉल. जा, बोल जा." आणि अंगठा वर करून त्याने हेडफोन पुन्हा कानावर चढवला.

आवाज येतोय! बहिऱ्या आईला सांगतोय, तिच्याच पोटचा मुलगा!

आई परत आली तेव्हा पडद्यावर एक राखाडी चौकोन थिजला होता. पलीकडून नर्सचा आवाज आला, "चला, न्यायला आलेत." मग तोही बंद झाला.

धाकटी ऑपरेशनमधून उठली नाही.

सूनबाईंनी नंतर त्या नर्सला शोधून फोन केला. "मावशी काय सांगत होत्या, काही कळलं का हो तुम्हाला?"

"मला ती भाषा येत नाही ताई. खूप काही सांगत होत्या पण. मध्येच हसत होत्या. शेवटी डोळे पुसले. मला वाटलं, समोर दिसतंय सगळं."

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, तू तर मधला दुवा, तुला तरी ठाऊक असेल. नाही. माझ्यापर्यंत ते आलेच नाही. माझ्याकडे फक्त पंख्याची घरघर आहे.

दिवस गेले. मुलाने नवा डबा आणला, माझ्याहून चकचकीत. "त्या भंगारामुळे झालं सगळं," असे म्हणत मला उपटून फळीवर ठेवले आणि त्याला माझ्या जागी लावले. धाकटीचे इंटरनेटवर साठवलेले जुने व्हिडिओ आईला दाखवू या, अशी त्याची कल्पना. त्याने ते सुरू केले. नव्या डब्यावरही धाकटीची बोटे चौकोन झाली.

तो बघत राहिला. त्याने तार हलवली. रिमोट दाबला. मग बहुधा पहिल्यांदाच तो आईच्या खुर्चीत बसला आणि तिथून त्याने पडद्याकडे पाहिले.

दारातून सूनबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी बाजारातून आले ना, तेव्हा हॉलमध्ये मॅच चालू होती. आवाज बंद करून ठेवलेली."

"स्कोअर बघायला लावली होती. पाणी प्यायला गेलो की..."

"बघत कोणी नव्हतं. गवताचं पातं न् पातं दिसत होतं."

तो उठला, राउटर उचलून पॅसेजमध्ये आणला आणि पुन्हा आईच्या दारात आला. पडद्यावर धाकटी आता आरशासारखी स्वच्छ दिसत होती. कुठल्याशा जुन्या दुपारी ती डॉक्टरची नक्कल करत होती.

मुलगा आईसमोर गुडघ्यांवर बसला. त्याने हात वर केले. "माफ कर" कसे म्हणतात, ते त्याला आठवेना. त्याने एक खूण केली, मोडली, दुसरी केली. बोटे अडखळत होती. मग त्याने तोंडाने बोलायला सुरुवात केली. "आई, मला वाटलं गं..."

आईने त्याच्या हातांकडे पाहिले. मग तिने डोळे मिटून घेतले. ज्यांना ऐकू येते त्यांना कान असे मिटता येत नाहीत. आईचे कान म्हणजे डोळेच, ते तिला मिटता येत होते. तो बोलत राहिला, रडलाही, आणि ती डोळे मिटून ताठ बसून राहिली.

मला मात्र कोणी परत लावले नाही. भंगार म्हणून झाले होते, ते मागे घेणार कोण? मी खणात गेलो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपा, धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. धूळ पुसणारे हात माझ्या नशिबी होते. एवढेच सांगतो. घरात कुठलीही वस्तू बिघडली म्हणून ठरवण्याआधी, ती ज्याच्यासाठी ठेवली आहे त्या माणसाच्या जागेवर एकदा जाऊन बसा. दारातून कान देऊन निघून जाऊ नका. आत या. बसा. आणि समोर काय दिसते आहे, ते बघा.