डावा कौल

आईने मूत्रपिंड द्यायचं ठरवलं तेव्हा मी तिला आकडा काढून दिला. जिवंत दात्याच्या शस्त्रक्रियेत दहा हजारांमागे साधारण तीन माणसं दगावतात. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून घरच्यांच्या उपयोगी पडायची माझी ही पहिलीच वेळ.

"अच्छा," भेंडी चिरता चिरता आई म्हणाली. "आणि त्या तिघांना आधी कोणता आकडा सांगितला होता?"



मूत्रपिंड हवं होतं जगदीशमामाला, तिच्या धाकट्या भावाला. आठ महिने तो लखनौला तेलीबागेत आमच्याकडे राहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता. तपासण्यांत आईचं त्याच्याशी जुळलं होतं.

"ताई, विचार कर. मी तुझी कंपासपेटीसुद्धा परत केली नव्हती," मामा म्हणायचा.

"मेल्या, हे परत मागतंय कोण!"

अडून बसले होते बाबा. रेल्वेत पुलांचे इंजिनीयर म्हणून त्यांनी तीस वर्षं काढलेली. इस्पितळाला नवऱ्याची लेखी संमती हवी होती, आणि बाबा म्हणाले, आधी कौल लावू.

कुडाळजवळच्या आमच्या गावात मोठं काही करायचं तर सातेरीदेवीला विचारतात. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. रविवारी सकाळी बाबांनी गुरवांना व्हिडिओ कॉल लावला. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून आम्ही चौघं समोर बसलो. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. नऊ मिनिटं काहीच हललं नाही. मी घड्याळ लावलं होतं. मग एक पाकळी पडली.

"डावो झालो रे, बाळा," गुरव म्हणाले.

मामा उठून आत गेला. बाबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली आणि लगेच तिची लाजही दिसली.

"बाबा, फोनमध्ये कधीकधी आरशासारखं उलटं दिसतं," मी घाईने म्हणाले. "म्हणजे डावं ते खरं तर..."

"गुरव मूर्तीपुढे बसलेत, मृणाल. ते कुठे फोनमधून बघतायत?" बाबा म्हणाले.

बरोबर होतं. आई मात्र हसली. "देवीला आरशात पकडतेस होय गं?" तिने पडद्याला हात जोडले, गुरवांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि उठून इस्पितळात फोन लावला. दाता आणि नवरा दोघांच्या संमतीच्या मुलाखतीची तारीख गुरुवारची मिळाली.

माझ्या मते तिच्यापुढे दोनच मार्ग होते: कौल मानायचा, नाहीतर देवी मानायची सोडायची. संध्याकाळी तिचा रक्तदाब घेताना मी विचारलंच.

"देवी नाही म्हणाली ना?"

"म्हणाली. लखनौचं स्थळ आलं तेव्हा माझी आईही नाहीच म्हणाली होती. इतक्या लांब नको. मग मी निघाले तर स्टेशनवर डबा घेऊन आली."

"म्हणजे देवी तुला वाचवेल?"

"असं ती कुठे म्हणाली? सोबत येईल, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं तिचं ती बघेल."

हे तपासून पाहायची काही पद्धत मला सुचली नाही. रक्तदाब तेवढा मोजता येत होता. तिचा एकशे अठरा बाय शहात्तर भरला. मग मी माझा घेतला, तर तो जास्त होता.

गुरुवारी इस्पितळातल्या बाईंनी कॅमेरा सुरू करून आईला विचारलं, "आप पर किसी का दबाव तो नहीं?"

"है," आई म्हणाली. "इनका. कहते हैं, मत दो."

बाईंनी हसू दाबत बाबांची हरकत विचारली. "आपको आपत्ति है?"

 नाही म्हणायला बाबांकडे देवीचाच शब्द होता. तो त्यांनी काढला असता, तर मामाला पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीवर बसण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता.

"डर लगता है," ते म्हणाले.

"डर लिखने का कॉलम नहीं है, सर. आपत्ति लिखूँ?"

"अहो," आई हळूच म्हणाली. पुढे काही बोलली नाही.

"मत लिखिए," बाबा म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, एकदा डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की बाईंनी पॅन कार्डावरची सही शेजारी धरून पाहिली आणि पुन्हा करायला सांगितलं.

आई घाबरलीच नव्हती. बाबा घाबरले होते, आणि घाबरलेल्याच हाताने त्यांनी दुसऱ्यांदा सही केली.