पडद्यावरचा शिळा आकडा

नवरा दोर धरायचा, दीर बुडी मारायचा आणि वहिनी पडद्याकडे बघायची. तिघांनी धंदा असा वाटून घेतला होता. धरण असो की कारखाना, पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. तिच्यात अडकलेले ओंडके आणि कचरा पाण्याखाली जाऊन काढायचा, हे त्यांचं काम. दिराला सगळे पाणकावळा म्हणत. जमिनीवर तो सदा कुरकुरायचा, पाण्यात शिरला की मात्र मासा. आणि वहिनीला कामावर सगळेच वहिनी म्हणत, वयाने मोठे असलेले धरणाचे सुपरवायझरसुद्धा.

तिच्या ताब्यात रेडिओवर चालणारी हातभर नाव होती. नावेखाली तारेला लोंबकळणारं मीटर जाळीपर्यंत सोडलेलं असे. ते पाण्याचा वेग मोजायचं आणि नाव तो आकडा काठावर पाठवायची. आकडा सेकंदाला पाव मीटरच्या वर गेला की वहिनीने ओरडायचं आणि नवऱ्याने दोर ओढायचा. कारण ओढ एकदा वाढली की माणूस जाळीला चिकटतो, आणि मग काही केल्या सुटत नाही.

त्या दिवशी सकाळीच पाणकावळ्याने भुणभुण लावली होती.

"मागच्या खेपेला तुझा आकडा गोगलगायीच्या पाठीवर बसून आला, वहिनी. डेटाचा वेग वाढव. खाली जीव माझा असतो."

"वेग वाढवला की रेडिओची पोच घटते रे. पलीकडच्या काठावरच्या माणसाशी भराभरा बोललं तर अर्धं वाऱ्यावर जातं. शब्द तोडून, सावकाश बोललं तरच पोचतं."

"पलीकडचा काठ आहेच कुठे? नाव तर नाकासमोर असणार!"

"वाढव बाई एकदाचा वेग," नवरा हसत म्हणाला, "नाहीतर हा दिवसभर कान खाईल."

तिने सेकंदाला चार हजार बिटांवरून एकदम चौसष्ट हजारांवर नेला. काठाजवळ तपासलं, तर आकडे झराझरा बदलत होते. खरं सांगायचं तर तिलाही ते बघून बरं वाटलं.

सुपरवायझरांनी जाळीमागचा दरवाजा बंद केल्याचं सांगितलं, किल्ली खिशात टाकली. पाणकावळ्याने हवेची नळी तोंडाशी धरली, अंगठा वर केला आणि बुडाला. वहिनीने नाव दोन काँक्रीटच्या खांबांमधून आत नेली आणि जाळीच्या वर उभी केली.

शून्य पूर्णांक बारा. सगळं ठाकठीक.

पहिला ओंडका वर आला, मग दुसरा, मग प्लास्टिकची मोठी गाठोडी. नवरा दोर बोटांत खेळवत होता. सुपरवायझर खूश होऊन म्हणाले, "तुमचा माणूस भलताच चपळ आहे!"

वहिनी "हूं" म्हणाली. तिची नजर पडद्यावर होती. शून्य पूर्णांक बारा. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, बाराच. पाणी म्हणजे काय भिंत आहे? बंद तळ्यातसुद्धा शेवटचा आकडा जरा इकडेतिकडे होतो. हा तर खिळा ठोकल्यासारखा बसलाय.

तिने रिमोटवरची नाव चालवायची दांडी पुढे ढकलली. नावेला हुकूम देणारा रेडिओ वेगळा होता, तो सावकाश बोलणारा, त्यामुळे नाव लगेच दोन हात सरकली. नावेबरोबर खालचं मीटरही ओढलं गेलं असणार. आकडा उसळायलाच हवा होता.

बारा.

"ओढ!" ती किंचाळली. "ओढ त्याला वर!"

नवऱ्याने दचकून पडद्याकडे पाहिलं. "अगं, बाराच तर आहे."

"तो शिळा आहे! खांबांआड गेल्यापासून नवा आकडा आलेलाच नाही. आधी ओढ!"

ओंडके काढताना बेसावध ओढलं तर नळी अडकते, म्हणून नवऱ्याने आधी दोराला एक हिसका देऊन विचारलं. खालून एक हिसका आला. ठीक आहे.

"बघ, तो ठीक म्हणतोय."

"आपण गप्प आहोत म्हणून ठीक म्हणतोय तो! माझं ऐक, तुझ्या पाया पडते!"

नवऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाय रोवून दोर ओढला. दोर ताठ झाला, वर मात्र येईना. तिने रिमोट खाली टाकला आणि दोराला हात घातला. सुपरवायझरही धावले. तिघांनी अंग मागे झोकून दिलं. तळहात सोलवटले. एकदा दोर वीतभर आला आणि परत तेवढाच खाली गेला.

"सोडू नका," नवरा दातांवर दात दाबून म्हणाला, "काही झालं तरी सोडू नका."

मग खाली काहीतरी सुटलं आणि तिघेही एकमेकांवर आदळले. पाण्यावर पाणकावळ्याचं डोकं दिसलं. काठावर घेतलं तेव्हा त्याच्या एका पायात पोहण्याचा पंखा नव्हता आणि गुडघ्यापासून रक्त गळत होतं.

"पाय खेचला जात होता," तो धापा टाकत म्हणाला. "बराच वेळ. मला वाटलं, भास असेल. खरंच ओढ वाढली असती तर वहिनीने वर घेतलं असतं ना."

वहिनी पाठ फिरवून नावेकडे वळली. नाव काठाला आणून तिने नावेतला रेडिओ आणि काठावरचा रेडिओ पुन्हा सावकाश केला. पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटली. गडबडीत ती पडदा असलेल्या लॅपटॉपमधला वेग बदलायलाच विसरली होती. एक टोक सावकाश, दुसरं घाईत, मग कचरा नाहीतर काय दिसणार? तेही जुळवलं आणि नाव रिकाम्या जाळीवर पाठवली.

आकडा रेंगाळत आला, पण आला. शून्य पूर्णांक ब्याण्णव.

सुपरवायझरांचा चेहरा उतरला. "पण दरवाजा तर मी स्वतः बंद केलाय."

"बंद आहे, पण खालून गळतोय," नवरा म्हणाला. "इतके दिवस कचऱ्यानेच बूच मारलं होतं. याने ते काढलं."

काम तिथेच थांबलं. घरी जाताना गाडीत पाणकावळा म्हणाला, "वेगाचा हट्ट माझा होता."

"हट्ट तुझा होता," वहिनी म्हणाली, "पण पडदा माझा होता."

दरवाजाच्या तळाचं गळणारं रबर बदलून झाल्यावर ते पुन्हा तिथे गेले. मधल्या दिवसांत वहिनीने पडदा असा केला होता, की नवा आकडा वेळेत आला नाही तर जुना पुसला जाऊन सगळं काळं व्हायचं. त्या दिवशी मधेच तो काळा झाला. नवऱ्याने काही न विचारता दोर ओढला.

पाणकावळा वर आला, खाली ओढबिढ काहीच नव्हती. वहिनीने नाव खांबाआडून जरा बाहेर घेतली, आकडा परत आला.

"उगाच काढलंत मला," तो कुरकुरला.

"हो, उगाच," वहिनी म्हणाली. "पाणी पी आणि जा परत."

तो पाणी प्यायला, नळी तोंडाशी धरली आणि पुन्हा बुडाला.