उशिरा निघणारा हात

मुंगीला सगळे मुंगी म्हणत ते तिच्या चणीमुळे. तिचं वाद्य डबल बेस, अवाढव्य व्हायोलिनच जणू, तिच्याहून हातभर उंच. तो पाठीवर घेऊन ती तालमीच्या इमारतीचा जिना चढू लागली की दरवान विचारायचा, "आज कोण कोणाला घेऊन आलंय?" तीही हसायची.

आता बेसवाल्यांची एक खोड आधीच सांगून ठेवायला हवी. बेसची तार दोरीसारखी जाड. गज ओढला म्हणून ती लगेच बोलत नाही. आधी आळस देते, कूस बदलते, मग कुठे हुंकार भरते. त्यामुळे वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांचा हात खाली येण्याच्या किंचित आधीच बेसवाले गज ओढून मोकळे होतात, तेव्हा कुठे सूर इतरांबरोबर पोचतो. हे कोणी शिकवत नाही. अंगात मुरतं. मुंगीच्याही मुरलं होतं.

तिची वहिनी गज बनवणारी. घराच्या मागच्या खोलीत लाकडाची काठी मंद आचेवर धरायची, केसभर वाकवायची, एक डोळा मिटून पाहायची, पुन्हा आचेवर. मुंगीचा जुना गज पाहून ती नेहमी म्हणायची, हा गज आहे की केरसुणी? अखेर तिने मुंगीचा तळहात आपल्या हातात घेऊन नीट चाचपला आणि त्या चिमुकल्या हाताला बसेल अशी मूठ घडवली. घोड्याचे पांढरेशुभ्र केस ताणून बसवले. मुंगीने त्यांना राळ लावून गज तारेवर नुसता टेकवला, जरा ओढला, आणि फडताळातले पेले किणकिणले. जो सूर ती आजवर खांदा मोडून मागत होती, तो मनगटातून उतरला. देवाने हाक मारण्याआधीच ओ द्यावी तसा. तिच्या डोळ्यांना धार लागली.

"रडतेस काय? मोडला का?" वहिनी घाबरून म्हणाली.

तालमीत मात्र फजिती झाली. मुंगीने सवयीने गज आधी ओढला आणि या गजावर तार तत्काळ बोलली. सगळा वाद्यवृंद गप्प असताना तिचा एकटीचा सूर दारात येऊन उभा! सरांनी हात थांबवला. बेसवाल्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे मुकादम म्हणत, मान न वळवता म्हणाला, "कोणाची गाडी सुटत होती?" हशा पिकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग मुंगीने घरी बसून जन्माची घाई अंगातून काढायला घेतली. वहिनी टेबलावर पळीने ताल धरायची, मुंगी हाताला दटावायची, थांब, अजून थांब. पुढच्या तालमीपर्यंत तिला ते साधलं. सूर अगदी नेमका पडू लागला.

आणि इथेच खरी ठिणगी पडली. सूर नेमका, पण तिचा हात बाकीच्यांच्या मागून निघायचा. मुकादमाला ते खपेना. सगळे गज एका होडीच्या वल्ह्यांसारखे चालले पाहिजेत, लोक बघतात, असं त्याचं म्हणणं. त्याने बजावलं, उद्या जुना गज आण, नाहीतर माझ्या शेजारची खुर्ची सोड. ती पहिल्या रांगेतली खुर्ची मिळवायला मुंगीने केस पिकवले होते.

वहिनीने ऐकलं आणि तिचंच अवसान गळालं. "माझ्यापायी जागा घालवू नकोस गं. हा गज राहू दे घरी. मला वाईट नाही वाटणार."

"मला वाटेल," मुंगी म्हणाली. "कोणाच्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून मी पुन्हा खांदा मोडून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी तिने नवाच गज नेला. मुकादमाने सरांकडे तक्रार केली, तेव्हा ती उठून उभी राहिली. उभी राहूनही बेसच्या खांद्याखालीच होती ती.

"हात उशिरा दिसतो सर, मान्य. सूर उशिरा येतो का, तेवढं आमच्याकडे पाठ फिरवून ऐका."

सर भला माणूस. त्यांनी खरोखर पाठ फिरवली. बेसवाल्यांनी वाजवलं. सर तसेच पाठमोरे म्हणाले, मला एकही सूर मागे वाटला नाही. पण मग त्यांनी समोरच्या रिकाम्या प्रेक्षागृहाकडे पाहिलं, वळून मुकादमाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मधला मार्ग काढला. मुंगीने ढोलांच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात बसावं. तिथे हात कोणाला दिसणार नाही.

सगळ्यांना वाटलं, आता ही नमेल. मुंगीने बेस उचलला नाही. त्याचा लोखंडी पाय व्यासपीठाच्या फळ्यांवर खरखरवत, पूर्ण रांग ओलांडून, कोपऱ्यापर्यंत ओढत नेला.

कार्यक्रमाच्या दिवशी वहिनी प्रेक्षकांत होती. तिला मुंगी काही दिसली नाही. संथ भाग आला, नुसते बेस, अगदी हळू. मुंगीचा हात सगळ्यांच्या मागून निघाला. कोपऱ्यातल्या दोन्ही भिंतींनी तो सूर झेलला, अंगाखांद्यावर घेतला आणि पुढे सोडला. लाकडी व्यासपीठ गुणगुणू लागलं. पुढे बसलेल्या मुकादमाला तो आधी तळपायांत कळला, मग कानात. त्याने वाजवता वाजवता मान वळवली. आजवर असं कधी झालं नव्हतं. वहिनीने शेजारच्या अनोळखी बाईचा हात घट्ट धरला होता.

पडद्यामागे सरांनी मुंगीला सांगितलं, उद्यापासून पुन्हा पुढे बस, हाताचं बघू.

"नको सर," मुंगी गजाचे केस सैल करत म्हणाली. "मला कोपऱ्यात पाठवलंत, मी गेले. आता तिथून हलायची नाही."

पुढच्या तालमीला ती राळ लावत बसली होती, तेवढ्यात फळ्यांवर खरखर ऐकू आली. मुकादम आपला बेस ओढत, ढोलवाल्याची बोलणी खात, कोपऱ्यात येत होता. येऊन तो जरा घुटमळला.

"जरा सरक," तो म्हणाला.

"आहे तेवढ्यात बसा," मुंगी म्हणाली, आणि तसूभरही सरकली नाही.

मुकादमाने खुर्ची तिरकी घातली आणि मावेल तसा बसला.